दुसरं पिल्लू कुणासाठी?

सुरतेत उधना-लिंबायतच्या दोन खोल्यांत दुसरं पिल्लू आणावं का, हे पहिल्या कुत्र्याकडे बघून ठरवावं. ‘त्याला सोबत होईल’ हे म्हणणं गोड, पण अपुरं. दिवसभर बांधलेला, कंटाळलेला कुत्रा पिल्लालाही भुंकायलाच शिकवतो. सोसायटी अडवेल ही भीती असली, तरी भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. थोरला म्हातारा, दुखऱ्या पायांचा असेल, तर शेपटी ओढणारं पिल्लू त्याला शिक्षाच. पण ताटलीजवळ दुसरा कुत्रा आला तरी तो गुरगुरत नसेल आणि यंत्रमागावरच्या कामाच्या पाळीआधी दोघांना वेगवेगळं फिरवणारं माणूस घरात असेल, तर खुशाल गावठी पिल्लू आणावं. सुरतच्या दमट उन्हात हस्की पाळणं ही निव्वळ मालकाची हौस.