भुकेचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

फेब्रुवारी महिन्याचें पगारपत्रक हातीं आलें म्हणजे प्रतापनगरांतील नोकरदार गृहस्थ एक गोष्ट दरवर्षीं पाहतात आणि दरवर्षीं विसरतात. इतर अकरा महिने व्यवसायकर म्हणून दोनशें रुपये कापले जातात, या एका महिन्यांत तीनशें. वर्षाची बेरीज अडीच हजार रुपये. रिंगरोडवरील दुकानदार, खामल्याकडील औषधविक्रेता, आमच्यासारखा वकील, शेजारचा डॉक्टर हे सर्व आपापल्या नांवें नोंदलेला हाच कर भरीत असतात. हा कर कशाकरितां बसला, असें यांपैकीं कोणासही विचारून पहावें. कोणी म्हणेल रस्त्यांकरितां, कोणी म्हणेल सरकारला पैसे पुरत नाहींत म्हणून. खरें उत्तर क्वचितच ऐकूं येईल. तें उत्तर असें आहे: महाराष्ट्र राज्यानें १९७५ सालीं हा कर बसविला तो खेड्यांतील अंगमेहनती माणसास मागेल तेव्हां काम मिळावें आणि कामावांचून त्याची चूल विझूं नये म्हणून. शहरांतील कमावत्या माणसानें खेड्यांतील रिकाम्या हातांसाठीं भरलेला हा वाटा आहे. कर आम्ही इमानानें भरतों. परंतु ज्या वचनासाठीं तो भरला त्या वचनाचें काय झालें, हें विचारण्याची तसदी आम्ही घेत नाहीं. आज आम्हांस आमच्या वाचकांशीं याच गोष्टीविषयीं दोन शब्द स्पष्टपणें बोलावयाचे आहेत.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. भूकनिवारण हें कायद्याचें, हिशेबाचें व चिकाटीचें काम आहे. तें जन्मभर अंगावर घेणारीं माणसें ज्या समाजांत निपजत नाहींत, तेथें अन्नछत्रें कितीही उघडलीं तरी भूक हटत नाहीं. नागपूरकर अन्नदानांत कोणास हार जाणारे नव्हत. विजयादशमीस दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखों लोकांच्या पोटापाण्याची सोय करणारे हात येथलेच, आणि रामनवमीच्या शोभायात्रेंत ठायीं ठायीं प्रसाद व सरबत वाटणारे हातही येथलेच. या पुण्यकृत्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु दात्याच्या मर्जीवर चालणारें अन्न दात्याची मर्जी फिरतांच बंद होतें. सणाच्या दिवशीं जेवलेला मनुष्य सणानंतरच्या मंगळवारीं काय खातो, याचा विचार दानाच्या वहींत नसतो.

हा भेद आपल्या पूर्वीच्या पिढ्यांस चांगला समजला होता. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळून काढला, आणि नागपूर हीच त्या प्रांताची राजधानी होती. इंग्रज सरकारनें १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर दुष्काळनिवारणाचे नियम केले होते, परंतु ते कचेरीच्या कपाटांत होते. १८९६ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें व 'केसरी'नें काय केलें? दुष्काळनिवारणाच्या नियमांत रयतेला काय देऊं केलें आहे, सारासूट कोणत्या स्थितींत मिळावयास पाहिजे, हें साध्या मराठींत खेडोपाडीं सांगितलें. भीक मागूं नका, जें लिहिलेलें आहे तें मागा, असा त्या सर्व खटाटोपाचा अर्थ होता. सरकारास तो इतका झोंबला कीं १८९७ सालीं त्यानें सभेची मान्यताच काढून घेतली. तरीही एक उणीव राहिलीच. ते नियम म्हणजे अंमलदारांस दिलेल्या सूचना होत्या. ते मोडले तर रयतेनें कोणाच्या दारांत उभें रहावें, याची सोय त्यांत नव्हती. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें ४१ व्या कलमांत कामाचा अधिकार व ४७ व्या कलमांत पोषणमान उंचावण्याचें कर्तव्य लिहून ठेविलें. परंतु हीं कलमें मार्गदर्शक तत्त्वांच्या भागांत पडल्यामुळें केवळ त्यांच्या जोरावर न्यायालयांत जातां येत नाहीं. घटनेनें हुंडी लिहिली, पण ती वटविणारी पेढी अजून उघडावयाची होती.

ती पेढी उघडण्याचें श्रेय ज्यांस द्यावयाचें ते वि. स. पागे, सांगली जिल्ह्यांतील एक शांत गृहस्थ. १९६० पासून १९७८ पर्यंत अठरा वर्षें ते विधान परिषदेचे सभापति होते. सभापतीच्या हातीं खातें नसतें, तिजोरी नसते, बदल्यांचे हुकूम नसतात. ज्या आसनाकडे लोक शोभेचें म्हणून पाहतात त्या आसनावर बसून या मनुष्यानें एकच प्रश्न वर्षानुवर्षें घोळविला: काम करावयास तयार असलेला मनुष्य उपाशी कां रहावा? त्यांनीं तो मोठमोठ्या व्याख्यानांत उधळून टाकला नाहीं. अमुक रुपयांत अमुक मजुरांस अमुक दिवस काम देतां येतें कीं नाहीं, असें लहान आंकड्यांचें गणित मांडलें. तें तासगांव तालुक्यांतील विसापूर व भोंवतालच्या गांवांत करून पाहिलें आणि मग मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढें ठेविलें. वसंतराव आमच्या विदर्भांतील पुसदचे व नागपुरांत कायदा शिकलेले. त्यांनीं ती कल्पना उचलली, आणि १ मे १९७२ रोजीं राज्यानें रोजगार हमी योजना सुरू केली.

त्याच वर्षीं पाऊस पळाला. त्या दुष्काळाच्या आठवणी आमच्या वडील वाचकांस सांगावयास नकोत. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका, कामावर वांटलेली सुकडी, शिधापत्रिकेवर मिळालेला तांबडा मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरांत गेली होती. पिकें बुडालीं, गुरें गेलीं, हाल झाले. परंतु शंभर वर्षांपूर्वीं अशा वर्षीं जीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं असतीं तीं या वेळीं पडलीं नाहींत, याचें मोठें कारण मजुरीचा पैसा व धान्य लोकांच्या हातीं पडत राहिलें हें होय.

दुष्काळ सरल्यावर बहुतेक सरकारें काय करतात हें आम्हांस ठाऊक आहे. पाऊस पडला कीं फाइली बांधल्या जातात. येथें तसें घडलें नाहीं, आणि यांतच पागे यांच्या लोकसेवेचें मर्म आहे. व्यवसायकर व इतर कांहीं करांवरील अधिभार यांचा स्वतंत्र निधि झाला, व जेवढें उत्पन्न येईल तेवढीच भर राज्यानें घालावी असें ठरलें. १९७७ सालीं दोन्ही सभागृहांनीं रोजगार हमीचें विधेयक संमत केलें, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलांत आला. प्रौढ मनुष्यानें अंगमेहनतीचें काम मागितलें तर पंधरा दिवसांत तें दिलें पाहिजे, न दिल्यास बेकारी भत्ता दिला पाहिजे, असें राज्यानें स्वतःस बांधून घेतलें. भत्ता आरंभीं दिवसास निदान एक रुपया, म्हणजे अगदींच तुटपुंजा होता. परंतु त्या रुपयाची किंमत वकिलानें ओळखावी. ज्या दिवशीं सरकार काम न दिल्याबद्दल एक रुपया देणें लागतें, त्या दिवशीं मजूर याचक रहात नाहीं, तो धनको होतो.

यावर आमचे कांहीं व्यापारी मित्र म्हणतील, "हजेरीपटावर खोटीं नांवें चढलीं, मुकादम व कंत्राटदार गबर झाले, रस्ते पहिल्या पावसांत वाहून गेले. आमचा पैसा कां जावा?" या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें लपविण्यांत आम्हांस स्वारस्य नाहीं. खोटे हजेरीपट झाले, मजुरी महिनेमहिने थकली. परंतु पेढीवर गुमास्त्यानें अफरातफर केली तर शहाणा व्यापारी पेढी बंद करीत नाहीं, तो रोजमेळ तपासतो. याच योजनेंतून पाझर तलाव झाले, विहिरी झाल्या, बांधबंदिस्ती झाली. १९९० पासून तिच्याच आधारानें लहान शेतकऱ्यांच्या रानांत फळबागा लागल्या. आणि खेड्यांतील मजुराच्या हातीं आठवड्याचा पगार पडला म्हणजे तो कोठें जातो? किराण्याच्या, कापडाच्या व भांड्यांच्या दुकानांतच जातो, आणि तेथून घाऊक बाजारांत, म्हणजे आमच्या इतवारींत व कळमन्यांत, परत येतो. हें अर्थशास्त्र व्यापाऱ्यास आम्हीं शिकवावें असें नाहीं.

तपासणी कशी करावी याचा वस्तुपाठही आमच्याच भागांतील एका मनुष्यानें घालून दिला आहे. डॉ. अभय बंग हे वर्ध्यांत वाढलेले व नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले. १९८० च्या सुमारास त्यांनीं मजुराच्या किमान वेतनाचा हिशेब हातीं घेतला. हें वेतन ज्या समितीच्या शिफारशीवरून ठरलें होतें तिचे अध्यक्ष दुसरे कोणी नसून स्वतः पागे होते. वैद्यकी शिकलेल्या या तरुणानें विचारलें, दिवसभर कुदळ चालविणाऱ्या देहास किती अन्न लागतें, त्याच्या घरीं खाणारीं तोंडें किती, आणि त्या अन्नाची बाजारांत किंमत काय? समितीच्या गणितांत चुकांमागून चुका निघाल्या. दिवसास चार रुपयांच्या आसपास ठरलेलें वेतन बारा रुपये असावयास पाहिजे, असें त्यांनीं दाखवून दिलें. मजूर संघटनांनीं तो हिशेब हातीं धरला व सरकारास वेतन वाढवावें लागलें. यांत पागे यांची थोरवी कमी होते असें आम्हांस वाटत नाहीं. एकानें कायदा उभारावा आणि दुसऱ्यानें त्यांतली खोट आंकड्यांनिशीं काढावी, अशा दोघांच्या हातांनींच लोकहिताचें काम पुढें सरकतें. थोर माणसाच्याही बेरजेवर फेरबेरीज करणारा कोणी असावाच लागतो.

महाराष्ट्राच्या या वाटेनेंच पुढें देश गेला. २००५ सालीं संसदेनें ग्रामीण कुटुंबास वर्षांतून शंभर दिवस कामाची हमी देणारा कायदा केला. २०१३ सालीं अन्नसुरक्षा कायदा झाला व त्यानें पात्र कुटुंबांतील दरडोई महिन्यास पांच किलो धान्य हक्काचें केलें. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें २००५ च्या कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. त्यांत कामाचे दिवस सव्वाशें झाले खरे. परंतु मजुरीचा जो भार पूर्वीं सर्वस्वीं केंद्राकडे होता त्याचा चाळीस टक्के हिस्सा आतां बहुतेक राज्यांवर आला, आणि ठरवून दिलेल्या रकमेपलीकडचा खर्चही राज्याच्याच माथीं आला. दिवस वाढले म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनीं व सर्वस्व बुडालें म्हणून हाकाटी करणाऱ्यांनीं, दोघांनींही एक प्रश्न आधीं विचारावा: आपल्या राज्याचा वाटा कोणत्या निधींतून येणार? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार फेब्रुवारींत तीनशें रुपये देणाऱ्या प्रत्येक माणसास आहे. विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन नागपुरांत भरतें. त्या दिवसांत मोर्चांमुळें रस्ते बंद होतात म्हणून कुरकुर करण्यापेक्षां आपल्या आमदारास गांठून हा हिशेब मागणें अधिक शहाणपणाचें होईल.

आणखी एक उणीव घराच्या उंबरठ्यावरच आहे. महाराष्ट्राची हमी ग्रामीण भागापुरती व लहान नगरपालिकांपुरती राहिली. केंद्राचे कायदे तर नांवानेंच ग्रामीण. सकाळीं आठ वाजतां शहराच्या चौकांतील ठिय्यावर डबा घेऊन उभा असलेला मजूर अकरा वाजेपर्यंत कोणी बोलावलें नाहीं तर तसाच घरीं परततो. त्यास कोणताही कायदा काम देत नाहीं. केरळानें २०१० च्या सुमारास शहरी मजुरांकरितां अशी योजना चालू केली. ज्या महाराष्ट्रानें सबंध देशास धडा घालून दिला त्यानें आपल्या शहरांच्या बाबतींत मागें कां रहावें?

हीं कामें करणार कोण? प्रतापनगरांतील आईबापांस आम्ही येथेंच एक विनंती करूं इच्छितों. आपल्या मुलामुलींनीं इंजिनियर व्हावें, परदेशीं जावें, लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठीं अभ्यासिकांत वर्षें घालवावीं, हें सर्व आपणांस रास्त वाटतें. परंतु मुलीनें उद्यां घरीं येऊन सांगितलें कीं, "बाबा, मला जन्मभर भुकेच्या प्रश्नावर काम करावयाचें आहे," तर आपल्या कपाळास आठी पडते. हें काम म्हणजे झोळी व उपदेश, अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे. त्यास कायद्याचा मसुदा करतां येणारा वकील पाहिजे, हजेरीपट व ताळेबंद वाचणारा हिशेबनीस पाहिजे, आहाराचें मोजमाप जाणणारा वैद्य पाहिजे, आणि तहशील कचेरींत पंधरा खेपा घालूनही ज्याचा स्वर चढत नाहीं असा कार्यकर्ता पाहिजे. यांत पैसा बेताचा, प्रसिद्धि त्याहून कमी. पण इतक्या कुटुंबांची चूल आपल्या मसुद्याच्या एका ओळीमुळें पेटली, असें समाधान दुसऱ्या कोणत्या धंद्यांत मिळतें, हें आम्हांस ठाऊक नाहीं. आम्ही स्वतः वीस वर्षें कोर्टांत उभे आहों, आणि तेथें असें समाधान फारसें पदरीं पडलेलें नाहीं, हें प्रांजळपणें कबूल करतों.

सारांश, दान करणारांनीं दान अवश्य करावें. परंतु दानाची थाळी हातीं घेतांना दुसऱ्या हातीं आपली व्यवसायकराची पावतीही धरावी. तिच्यावर अडीच हजार रुपये असें लिहिलेलें दिसतें, पण भुकेल्या माणसास सरकारनें दिलेल्या शब्दावर आपण जामीन राहिलों, असा तिचा खरा अर्थ आहे. ऋणको चुकला तर जामिनानें गप्प बसूं नये, हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको.