बक्कल सापडलं, पण कुठे?

जमिनीतून एखादी जुनी वस्तू निघाली की लोक दोन प्रश्न विचारतात. "काय आहे?" आणि "केवढ्याला जाईल?" माझं मत विचाराल तर (न विचारलंत तरी सांगणारच, ब्लॉग कशासाठी आहे!) पहिला प्रश्न "नेमकी कुठे मिळाली?" हाच हवा.

निमित्त एका बक्कलाचं. इथे इंग्लंडमध्ये आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. गेली तीस वर्षं ते एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरतात. बहुतेकदा खिळे आणि बाटल्यांची झाकणंच मिळतात. परवा मात्र कांस्याचं एक हिरवंगार बक्कल घेऊन आले. मी फोटो घरी पाठवले. मावशीचा लगेच फोन, "सोन्याचं आहे का गं?" आईचा सल्ला, "चिंच लावून घास, लख्ख होईल!"

आई, तांब्याला चिंच ठीक आहे, याला नको. तो हिरवा थर हीच आता त्या वस्तूची कातडी आहे. बारीक नक्षी त्यातच टिकते. कधी कधी चामड्याच्या किंवा कापडाच्या खुणाही त्यातच असतात. घासलं की चकाकी मिळते आणि पुरावा मोरीत वाहून जातो.

इथल्या शेतांत बक्कलं खूप निघतात, आणि आकारावरून त्यांचं वय बरंचसं सांगता येतं. चष्म्यासारखं दोन वेटोळ्यांचं असेल तर साधारण चौदावं ते सतरावं शतक. बुटाचं असेल तर बहुधा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढचं. सॅम्युअल पीप्सने जानेवारी १६६० मध्ये बुटांना बक्कल लावायला सुरुवात केल्याची नोंद त्याच्या डायरीत आहे. १७९० च्या दशकात बुटांना नाड्या आल्या आणि ती फॅशन ओसरली.

आजोबांचं बक्कल यात कुठेच बसत नव्हतं. त्याच्या कडीवर दोन डॉल्फिन समोरासमोर तोंड करून आहेत आणि दोन्ही बाजूंना बाहेर बघणारी घोड्याची डोकी. हा नमुना त्यांनी पुस्तकात शोधून काढला. रोमन काळाच्या अगदी शेवटचा, चौथ्या शतकाचा उत्तरार्ध ते पाचव्याची सुरुवात. सोनिया हॉक्स आणि जेराल्ड डनिंग या अभ्यासकांनी १९६१ मध्ये अशा बक्कलांचे प्रकार पाडले होते.

झालं? नाव मिळालं, शतक मिळालं. पण खरी गंमत पुढेच आहे. त्या काळात असा पट्टा ही अधिकाराची खूण होती. आधी वाटायचं की ही बक्कलं सैनिकांची. पण पट्टा मुलकी अधिकारीही वापरत, आणि अशी बक्कलं नंतरच्या अँग्लो-सॅक्सन थडग्यांतही सापडली आहेत. मग हे कोणाच्या कमरेला होतं? शिपायाच्या, कारकुनाच्या, की आजोबांची आठवण म्हणून जपणाऱ्या एखाद्या नातीच्या? ते बक्कलाकडे बघून कळत नाही. शेजारी किल्ला होता, वाडा होता की दफनभूमी, यावरून थोडं कळू शकतं. म्हणजे अर्धी ओळख वस्तूत असते आणि अर्धी शेतात.

यासाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे. वस्तू दाखवा, जागा सांगा, ते नोंद करून परत देतात. आजवर पंधरा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. सोन्याचांदीच्या जुन्या वस्तूंना १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागतो, पण असं एकटं कांस्याचं बक्कल सहसा त्यात येत नाही. नोंद ऐच्छिक. सगळं सापडणाऱ्याच्या मनावर!

ऐच्छिक असल्याने काय होतं पाहा. मे २०१० मध्ये कंब्रियातल्या क्रॉस्बी गॅरेट इथे रोमन घोडदळाचं मुखवट्यासकट शिरस्त्राण सापडलं. धातू तांब्याचा, म्हणून कायद्याबाहेर. त्याच ऑक्टोबरात ते लिलावात २२ लाख पौंडांहून जास्त किमतीला खासगी हातात गेलं. पुढे २०२३ मध्ये कायद्याची व्याख्या वाढवली आणि दोनशे वर्षांहून जुन्या, धातूच्या अपवादात्मक महत्त्वाच्या वस्तूही त्यात आल्या.

मावशी, तुला हे इंग्रजांचे चोचले वाटतील. म्हणून आपल्याकडचं सांगते. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी कांस्यशिल्पं मिळाली. साठ किलोंहून जास्त वजन! पण ती शास्त्रशुद्ध उत्खननात, थराथरांतून निघाली नव्हती. म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला तो झालाच. वस्तू इतकी अप्रतिम, आणि वय मात्र वादात.

आजोबांची अडचण मला समजते. जागा कळली तर रात्री चोरून खणणारे येतील आणि तीस वर्षं विश्वास ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्रास होईल, ही त्यांची भीती. खोटी नाही. पण नेमकी जागा तिथे सर्वांना उघड करत नाहीत. शेतकऱ्याशी बोलून नोंद करावी, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते "बघू" म्हणाले. वय अठ्ठ्याहत्तर. तंबाखूच्या रिकाम्या डब्यांत तीस वर्षांचे तुकडे आहेत, आणि कुठला कुठे मिळाला ते फक्त त्यांच्या डोक्यात. ते "बघू" किती दिवस पुरणार?

कायदा पुढेमागे सुधारेल. तोवर एक वही आणि पेन पुरतं. मंडळी, तुमच्याही घरी आजीचा अडकित्ता किंवा पणजोबांचं बिल्ल्याचं पदक असेल. किंमत काढून आणण्याआधी एका चिठ्ठीवर लिहा: कोणाचं, कुठलं, कोणी दिलं. आणि ज्यांना हे सांगता येतं त्यांना आजच फोन करा.