पाथला हात लावण्याआधी

नवा कंपायलर किंवा पायथन बसवून झाले की सूचनापत्रात बहुधा शेवटी एक ओळ असते: सेटएक्स, पाथ, मग अवतरणात %पाथ%, अर्धविराम आणि नव्या फोल्डरचा पत्ता. आपल्यापैकी अनेकांनी ती कितीतरी मशीनवर चालवली आहे. आपल्या सूचनापत्रांतून ती आता काढून टाकावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विंडोजमध्ये पाथच्या दोन नोंदी असतात, एक सगळ्या मशीनची आणि दुसरी त्या वापरकर्त्याची. कमांड प्रॉम्प्टमध्ये %पाथ% म्हटले की दोन्ही एकापाठोपाठ जोडून मिळतात. सेटएक्स ही सगळी जोडयादी वापरकर्त्याच्या नोंदीत लिहितो आणि १०२४ अक्षरांपुढचे कापून टाकतो. मशीनची यादी आधी येत असल्यामुळे कात्री लागते ती वापरकर्त्याच्या फोल्डरांना आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला त्या नव्या फोल्डरला. कापल्याचा इशारा येतो, पण त्याच्याखाली काम यशस्वी झाल्याचेही छापून येते. बॅच फाइलच्या धावत्या ओळींत तो सहज नजरेतून सुटतो. ‘/एम’ जोडले असेल तर हीच मोडतोड मशीनच्या नोंदीत होते आणि तिथल्या प्रत्येकाला भोवते.

नुकसान लगेच दिसत नाही. प्रोग्रॅम सुरू होताना त्याला पाथची स्वतःची प्रत मिळते, त्यामुळे उघडी विंडो जुन्या प्रतीवर बिनबोभाट चालत राहते. घोळ कळतो तो नव्या विंडोत. म्हणून चूक झाल्याचे लक्षात आले तर जुनी विंडो बंद करू नका. तिथे ‘इको %पाथ%’ दिले की पूर्वीची यादी हाती लागते.

एका विंडोपुरते काम असेल तर साधा ‘सेट’ पुरतो. बदल कायमचा हवा असेल तर आधी ‘रेग एक्सपोर्ट’ने नोंद फाइलीत उतरवून ठेवा, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीतून भर घाला. अनेक मशीन असतील तर पॉवरशेलमधून फक्त वापरकर्त्याची नोंद वाचा आणि तिच्यातच नवा फोल्डर जोडा. आणि कोणालाही फाइल टाकता येईल असा फोल्डर मशीनच्या पाथमध्ये कधीही घालू नका. तिथे ठेवलेला परका प्रोग्रॅम ओळखीच्या नावाने चालू शकतो.

सूचनापत्र वाचणारा आपल्यावर विश्वास ठेवून ओळ जशीच्या तशी उतरवतो. तेव्हा या महिन्यात आपापली सूचनापत्रे आणि बॅच फाइली उघडा, ‘सेटएक्स पाथ’ शोधा आणि जिथे सापडेल तिथे दुरुस्त करा.