दारावरची पहिली नोंद

द्वारका चौकातून नाशिकरोडकडे जाणाऱ्या बसमध्ये मुलाखतीला निघालेल्या आयाबहिणी लगेच ओळखू येतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत आधारकार्डाची झेरॉक्स आणि चेहऱ्यावर धास्ती. कोणी ओळखीचे भेटले आणि "कुठे चाललात?" असे विचारले तर उत्तर ठरलेले, "नाशिकरोडला, पाहुण्यांकडे." मध्यवर्ती कारागृहाचे नाव तोंडातून निघत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, तुरुंग आपल्या समाजाला नवा नाही. १९३० साली याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आपले वाडवडील अटकेला घाबरले नाहीत. १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा तर लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यांत कडेवर लेकरे घेतलेल्या बायाही होत्या. ते जाणे मानाचे होते. आज वस्तीतला पोरगा मारामारीत नाहीतर चोरीच्या आळात आत जातो, ते जाणे मानाचे नाही. हा फरक आम्ही विसरत नाही. परंतु तुरुंगाच्या दारात माणसाचे काय होते आणि काय व्हायला पाहिजे, हे दोघांच्याही घरच्यांना ठाऊक असले पाहिजे. आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते, म्हणून हा लेखप्रपंच.

न्यायालयाने न्यायालयीन कोठडी दिली की पोलीस माणसाला वॉरंटसह कारागृहाच्या दारावर आणतात. तिथे आधी वॉरंट आणि माणूस जुळवून पाहतात. नाव, बापाचे नाव, वय, पत्ता, अंगावरच्या खुणा रजिस्टरात उतरतात. झडती होते. पैसे, घड्याळ, अंगठी काढून घेतात आणि त्यांची नोंद करतात. मग डॉक्टर तपासतात. ही पद्धत इंग्रजांनी १८९४ च्या तुरुंग कायद्यात घालून दिली. आत आलेल्याच्या अंगावर जखम किंवा वळ असेल तर तो वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून घ्यावा, बाईची झडती बाईनेच घ्यावी, बायांना पुरुषांपासून, तरुणांना मोठ्या वयाच्यांपासून आणि कच्च्या कैद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवावे, हे सारे त्या जुन्या कायद्यातच आले. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालायचा आहे तो. कायद्याच्या नजरेत तो अजून गुन्हेगार ठरलेला नसतो.

आम्ही कारकून माणसे. आयुष्य रजिस्टरांत गेले. पहिल्या दिवशी चुकीची पडलेली नोंद दुरुस्त करायला किती चपला झिजतात ते आम्हाला सांगावे लागत नाही. म्हणून दारावरच्या नोंदीतील चार गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट वयाची. वस्तीत वय अंदाजाने सांगायची सवय आहे. "असेल एकोणीस-वीसचा," असे आई बोलून जाते आणि तेच लिहिले जाते. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला तुरुंगात ठेवता येत नाही. त्याची जागा निरीक्षणगृहात, आणि आपल्या नाशकात ते उंटवाडीला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे गुन्हा घडला त्या दिवशी आपण अल्पवयीन होतो, हे खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर न्यायालयापुढे मांडता येते. पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी पाहतात. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवू नका, चटकन सापडेल असा ठेवा.

दुसरी गोष्ट शरीराची. अंगावर माराचे वळ असतील तर ते डॉक्टरला दाखवायचे, लाजायचे नाही आणि भ्यायचेही नाही. दोन दिवसांनी वळ मिटतात, कागद मिटत नाही. दमा, फिट, साखर, टीबी यांचे औषध चालू असेल तर ते त्याच वेळी सांगायचे. घरच्यांनी दवाखान्याची चिठ्ठी वकिलामार्फत किंवा पहिल्याच मुलाखतीला पोहोचवावी, कारण टीबीच्या गोळ्यांत खंड पडला तर रोग हटत नाही. बाई गरोदर असेल तर तेही तिथेच नोंदवायला पाहिजे. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचे मूल आत राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उपाध्याय खटल्यात सांगितले आहे की अशा मुलाला कैदी म्हणून वागवायचे नाही आणि बाळाचा जन्म तुरुंगात झाला तरी जन्मदाखल्यावर तुरुंगाचे नाव घालायचे नाही.

तिसरी गोष्ट वकिलाची. "वकील आहे का?" या प्रश्नाला पुष्कळजण भिडेपोटी "आहे" म्हणतात. नसेल तर "नाही" म्हणावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतील माणसाला, बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो. तो उपकार नव्हे, हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो आणि तो तुरुंगातूनही करता येतो.

चौथी गोष्ट जातीची. इथे थोडे थांबून वाचा. तुरुंगाच्या रजिस्टरात वर्षानुवर्षे जातीचा रकाना होता. देशाच्या काही राज्यांच्या तुरुंग नियमांत तर उघड लिहिलेले होते की संडास साफ करण्याचे काम अमक्या जातीच्या कैद्याने करावे आणि स्वयंपाक तमक्या जातीच्या. तमिळनाडूतील पाळयंकोट्टै तुरुंगात जातवार वेगळ्या बराकी होत्या. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार भगिनीने हे सारे खणून काढून लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. जातीवरून काम किंवा बराक वाटून देणारे नियम घटनाबाह्य ठरले. त्यात अस्पृश्यता बंद करणारे कलम १७ आणि वेठबिगारीला मनाई करणारे कलम २३, दोन्हींचा आधार घेतला आहे. कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका, असा स्पष्ट आदेश आहे. भटक्या-विमुक्तांना जन्मावरून सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींनाही न्यायालयाने मोडीत काढले.

१९५६ साली आपल्या घरातल्या मोठ्यांनी जात नाकारली. तरी कुठल्याही दारावर तोच प्रश्न पुढे येतो आणि मान खाली जाते. आता निदान तुरुंगाच्या दारावर ती खाली घालायचे कारण उरलेले नाही. झाडू मारणे हलके काम आहे असे आम्ही म्हणत नाही. सर्वांनी पाळीपाळीने मारावा. पण जन्म पाहून कोणी हातात झाडू देत असेल तर ती बेकायदा गोष्ट आहे. अशी तक्रार असल्यास ती अधीक्षकांकडे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी द्यावी. प्राधिकरणाने आणि अभ्यागत मंडळाने मिळून तुरुंगांची याबाबत नियमित पाहणी करावी, असे त्याच निकालात आहे. शिष्यवृत्ती व सवलतीसाठी लागणारा जातीचा दाखला ही वेगळी बाब आहे, तिची गल्लत करू नये.

आता हिशेबाची गोष्ट. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे होते. पुष्कळांना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. सातबारा हवा, घरपट्टीची पावती हवी, ऐपतीचा दाखला हवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने तो आणायचा कुठून? मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचे असेच झाले. दहा हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ जामीन राहतो म्हणाला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले. गरिबाला न परवडणारा जामीन म्हणजे जामीन नाकारणेच, हा त्या निकालाचा अर्थ. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी सांगितले की जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिनाभरात पूर्तता झाली नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकते. गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची मदत योजनाही आहे. २०२३ च्या सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मर्यादा ठरली होती. सध्याची रक्कम आणि अटी प्राधिकरणात विचारून घ्याव्यात.

दिवसही मोजत राहावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ घरातल्या कॅलेंडरावर लिहून ठेवा. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला की त्याला मुचलक्यावर सोडायचे आहे. इतरांसाठी हा काळ निम्मा. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा धरली तर पहिल्यांदा सापडलेल्याचा हिशेब एका वर्षावर येतो. मुदत भरताच न्यायालयाला अर्ज करणे हे अधीक्षकाचे कर्तव्य आहे. कायद्याच्या आधीच्या प्रकरणांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे मात्र यात बसत नाहीत, आणि ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्यालाही हा लाभ नाही. म्हणून वॉरंटावरची कलमे आणि आत गेल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. साहेबांच्या टेबलावर हजार फायली असतात, तुमच्या घरात एकच असते.

गुन्ह्यावर पांघरूण घालावे असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या डोक्यात दगड बसला, जिचे मंगळसूत्र गेले, तेही बहुधा आपल्याच शेजारचे कष्टकरी असतात. अपराध सिद्ध झाला तर शिक्षा भोगलीच पाहिजे. पण शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य जाणे, माणूसपण जाणे नव्हे. आत विणकाम, सुतारकाम शिकता येते, मुक्त विद्यापीठातून पदवीही घेता येते. शिकायला उभारी लागते आणि ती बाहेरून येणाऱ्या पत्रातून, मुलाखतीतून मिळते. ज्याला भेटायला कोणी येत नाही त्याला आतले चुकीचे सोबती लवकर जवळ करतात.

तेव्हा मुलाखती चुकवू नका. घरधनी आत असलेल्या बाईकडे वाकड्या नजरेने पाहू नका. तिच्या मुलांची शाळा सुटणार नाही हे मंडळातल्या तरुणांनी पाहावे. आणि तो सुटून आला की रविवारी विहारात वंदनेला त्याला मागे दारापाशी बसवू नका. आपल्याच सतरंजीवर सरकून जागा करा. जयभीम.