भाजलेल्या मुलांची मलमपट्टी : स्वस्त कोणती, हे नगाच्या किमतीवरून ठरत नाही

नवी दिल्ली : भाजलेल्या मुलाची पट्टी किती वेळा बदलावी लागते, यावर त्याच्या वेदना, रुग्णालयातील फेऱ्या आणि पालकांचा बुडणारा रोजगार अवलंबून असतो. तरीही पट्ट्यांची तुलना बहुधा नगाच्या किमतीवरच थांबते.

लहान मुले प्रामुख्याने उकळते पाणी, चहा किंवा दूध अंगावर सांडून भाजतात. त्यांची त्वचा पातळ असल्याने जखम लवकर खोल जाते. जखम भरण्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागल्यास जाड व्रण राहण्याचा धोका वाढतो.

१९६८ पासून वापरात असलेले सिल्व्हर सल्फाडायझिन मलम स्वस्त आहे. मात्र ते साधारणपणे रोज पुसून पुन्हा लावावे लागते आणि त्याच्या पांढरट थरामुळे जखमेची खोली ओळखणे कठीण होते. ‘कॉक्रेन’च्या २०१३ मधील आढाव्यात ३० चाचण्या तपासण्यात आल्या. जैवसंश्लेषित, चांदीयुक्त आणि सिलिकॉनचा लेप असलेल्या पट्ट्यांच्या तुलनेत हे मलम मागे पडल्याचे त्यात दिसले. मात्र बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमकुवत असल्याचेही नमूद करण्यात आले. ब्रिस्बेन येथे ९६ मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन चांदीयुक्त पर्यायांपैकी जखमेला न चिकटणारी फोमची पट्टी सरस ठरली. तिच्याखाली जखमा लवकर भरल्या, वेदनाही कमी झाल्या.

दहा दिवसांच्या उपचारात रोजची पट्टी दहा वेळा सोडावी लागते. तीन ते सात दिवस टिकणारी पट्टी दोन-तीन वेळा. प्रत्येक वेळी वेदनाशामक औषध, परिचारिकेचा वेळ आणि प्रवास लागतो. हा खर्च धरल्यास महाग पट्टी अनेकदा स्वस्त पडू शकते.

परवडणारा पर्याय देशातही शोधला गेला आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी २००३ मध्ये केळीचे पान आणि उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीची तुलना प्रसिद्ध केली. दोन्हींखाली जखमा सारख्याच भरल्या. केळीचे पान बरेच स्वस्त ठरले. अर्थात, ही पाने निर्जंतुक केलेली होती. तो घरगुती उपाय नव्हे.

खोल जखमांना त्वचारोपणच लागते, तर ताप आल्यास पट्टी मुदतीआधी उघडून जखम तपासावी लागते. कोणत्याही पट्टीआधी भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरणे आवश्यक असते. रुग्णालयांच्या खरेदीत मात्र नगाच्या दराऐवजी जखम भरेपर्यंतच्या एकूण खर्चाचा निकष लावल्यास मुलांच्या वेदनाही हिशेबात येतील.