एकच गाडी, इंजिनं मात्र वेगळी!

बालदोस्तांनो, गेल्या रविवारी आमच्या कर्वेनगरच्या घरात सकाळी सकाळीच खडाजंगी उडाली. कारण काय, तर मोटारगाडी! तीही आमची नव्हे. गल्लीत कुणाकडे तरी पाहुणे आले होते, त्यांची मर्सिडीज फाटकाशी उभी होती. आमच्या भाचेसाहेबांनी तिच्याभोवती चार प्रदक्षिणा घातल्या, फोटो काढला आणि तो जर्मनीतल्या मावसभावाला पाठवून दिला.

पलीकडून उत्तर आलं, "ही गाडी आमच्याकडेपण आहे. पण इथे इंजिनांची भली मोठी यादी असते. तुमच्याकडे दोन-तीनच?"

झालं! भाचेसाहेबांचा पारा चढला. "बघितलंस मामा? चांगला माल ते स्वतःकडे ठेवतात आणि उरलंसुरलं आपल्या गळ्यात मारतात."

"काहीतरीच काय!" ताई म्हणाली. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, यंदा दहावीला आहे. "एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला कंपनी मुद्दाम वाईट माल कशाला देईल?"

आता दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "चपला घाला. याचं उत्तर टेकडीवर आहे."

आम्ही निघालो. वाटेत कर्वेनगरचं कमिन्स कॉलेज लागलं. मुलींचं हे इंजिनिअरिंग कॉलेज १९९१ मध्ये सुरू झालं. ज्या कमिन्सचं नाव त्याला आहे, ती कंपनी इंजिनं बनवणारी. शेजारच्या कोथरूडमध्ये तिचा कारखाना १९६२ मध्ये उभा राहिला. तिथून पुढे वेताळ टेकडी चढलो. या टेकडीच्या एका बाजूला बरेच लोक 'एआरएआय टेकडी'च म्हणतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था तिथे आहे. नव्या गाड्या बाजारात येण्याआधी त्यांची परीक्षा घेण्याचं काम ज्या संस्था करतात, त्यांतली ही एक. गाडी मोठ्या रुळांवर चढवतात. चाकं फिरतात, पण गाडी जागच्या जागीच! त्या वेळी धुरांड्यातून जे बाहेर पडतं ते गोळा करून मोजतात.

"आता ऐक," मी भाच्याला म्हटलं. "गाडी तीच असली तरी इंजिन बदललं की पुन्हा परीक्षा. शिवाय त्याचे सुटे भाग ठेवा, मेकॅनिकला शिकवा. जिथे हजारो गिऱ्हाइकं आहेत तिथे दहा प्रकार परवडतात. जिथे थोडी आहेत तिथे दोन-तीनच. हे झालं पहिलं कारण, दुकानदारीचं. आपल्या वाण्याकडे शंभर प्रकारची बिस्किटं का नसतात, तसंच."

"पण मग जी दोन-तीन देतात ती तरी तिकडच्यासारखीच असतात का?" ताईनं बरोबर दुखरी जागा पकडली.

तर दोस्तांनो, इथे आपल्याला थोडं मागं जायला हवं. मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ मध्ये पिंपरीतून, म्हणजे आपल्या पुण्याच्या अंगणातूनच, तिची पहिली ई-क्लास बाहेर पडली. (पुढे २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला.) गंमत अशी, की त्याच वर्षी जर्मनीत नवी ई-क्लास आली होती. आपल्याकडे जोडली जात होती ती आधीची.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच!" भाचेसाहेब उसळले.

"थांब. त्या वेळी आपल्या पंपावर काय मिळत होतं ते बघ." पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं मिसळलेलं असे. गाडीचा धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी वायू त्याला स्पर्श करून गेले की निरुपद्रवी होतात. पण पेट्रोलात शिसं असलं की ते या थरावर जाऊन बसतं आणि डबा कायमचा निकामी! फळ्यावर तेलाचा हात फिरवल्यावर खडू उमटतो का? तसंच हे. १९९५ मध्ये नव्या मोटारींना हा डबा आणि बिनशिशाचं पेट्रोल सक्तीचं झालं, पण ते फक्त चार महानगरांत. पुणं त्यांत नव्हतं. देशातून शिसं हद्दपार व्हायला २००० साल उजाडलं.

शिसं गेलं, तरी डिझेलमधलं गंधक राहिलंच. तेही असंच त्रास देतं. समजा, तुमच्यासमोर साबुदाण्याचे दहा लाख दाणे आहेत. 'बीएस ३' डिझेलमध्ये त्यांतले ३५० दाणे गंधकाचे चालायचे, 'बीएस ४'मध्ये ५०, आणि आताच्या 'बीएस ६'मध्ये फक्त १०. युरोपात हा दहाचा नियम २००९ पासूनच होता. आपल्याकडे २०१० मध्ये 'बीएस ४' आलं, तेही १३ शहरांत. मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यांत होती.

"मग पुण्यात तरी चांगलं इंजिन द्यायचं ना!" भाचा म्हणाला.

"आणि गाडी गणपतीला कोकणात गेली की? तिथल्या पंपावर जुनंच डिझेल!" ताईनंच उत्तर दिलं.

अगदी बरोबर. एकाच देशात दोन प्रकारचं इंधन असेल, तर इंजिन असं हवं की ते दोन्ही पचवील. युरोपातलं सगळ्यात नवं, नाजूक गाळण्या बसवलेलं इंजिन इथे आणलं असतं तर ते आजारी पडलं असतं. सगळ्या देशात 'बीएस ४' आलं २०१७ च्या एप्रिलमध्ये आणि १ एप्रिल २०२० ला आपण एकदम 'बीएस ६'वर उडी मारली, मधली 'बीएस ५'ची पायरी गाळून! त्यानंतर मात्र "तुमचं इंधनच तसं" ही सबब उरली नाही.

आता तिसरं कारण. हे सगळ्यात मजेदार आहे. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना हाफ तिकीट असतं ना? मग "याला बारा पूर्ण व्हायचीत हो!" असं कंडक्टरला सांगणारे आई-बाबा तुम्ही पाहिले असतीलच. मोटार कंपन्याही अगदी हेच करतात!

इंजिनाचं माप 'सीसी'मध्ये सांगतात. पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो, तिची सगळ्या सिलिंडरची मिळून बेरीज. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी म्हणजे ५०० सीसी. २००६ मध्ये आपल्या सरकारनं ठरवलं, की चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि पेट्रोलचं १२०० किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंतचं इंजिन असलेल्या गाडीला कर कमी. स्विफ्टचं पेट्रोल इंजिन तेव्हा १२९८ सीसीचं होतं. २०१० मध्ये ते झालं ११९७ सीसीचं. रेषेच्या आत फक्त तीन सीसी! २००८ ची इंडिगो सीएस तर सेदान असून चार मीटरच्या आत बसवली होती. ती रेषा अजून आहे. सप्टेंबर २०२५ पासून आतल्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आणि बाहेरच्यांना ४० टक्के.

आलिशान गाड्याही हा खेळ खेळतात. इटलीत एकेकाळी २००० सीसीच्या वरच्या पेट्रोल गाड्यांवर जवळजवळ दुप्पट कर होता. म्हणून बीएमडब्ल्यूनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपलं २३०२ सीसीचं नामांकित इंजिन खास इटली आणि पोर्तुगालसाठी १९९० सीसीचं करून दिलं. चीनमध्ये तर कराचा जिनाच आहे. एक लिटरपर्यंत १ टक्का, मग हळूहळू चढत चार लिटरच्या वर ४० टक्के. मोठ्या गाडीत छोटं इंजिन तिथे उगाच नाही दिसत.

"मग कराची रेषा आखली की हवा स्वच्छ होते?" ताईनं विचारलं.

प्रश्न सोपा नाही, दोस्तांनो. १६ डिसेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आणि परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल मोटारींच्या नोंदणीवर बंदी घातली. मर्सिडीजचं तेव्हाचं नेहमीचं डिझेल इंजिन होतं २१४३ सीसीचं. गाड्या अडकल्या! आपल्या चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० चं इंजिन २१७९ सीसीचं. पण महिंद्रानं साधारण महिन्याभरात १.९९ लिटरचं इंजिन बाजारात आणलं. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का शुल्क लावून बंदी उठली. आता विचार करा: इंजिन थोडंसं लहान झाल्यानं दिल्लीतल्या मुलांचा खोकला किती कमी झाला असेल? सीसीची रेषा आकार मोजते, धूर मोजत नाही. धूर मोजायचा तर त्या रुळांवरच मोजावा लागतो.

एव्हाना आम्ही टेकडीच्या कडेला पोचलो होतो. खाली शहर पसरलेलं. लांबच्या इमारती करड्या धुक्यात बुडालेल्या, आणि ते धुकं थंडीचं नव्हतं.

"म्हणजे माझं चुकलं?" भाच्यानं हळूच विचारलं.

"अर्धं चुकलं, अर्धं बरोबर," मी म्हटलं. "आपल्याला मागचं मिळत होतं हे खरं. पण ते काही एकट्या कंपनीनं ठरवलं नव्हतं. पंपावर काय मिळतं, कायदा काय मागतो आणि गिऱ्हाईक कशाला पैसे मोजतं, या तिघांनी मिळून ते ठरवलं. आणि मागचं मिळण्याचा खरा तोटा त्या मर्सिडीजवाल्याला झालाच नाही. तो काचा लावून आत बसला होता. तोटा झाला तो त्याच्या मागे सायकलवर असलेल्या मुलाला."

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, आपल्या स्कूटरची पीयूसी संपली नाही ना?"

आता आली का पंचाईत! घरी येऊन कागद काढला, तर मुदत संपून तीन आठवडे झालेले. संध्याकाळी मी मुकाट्यानं पंपावर गेलो.

तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग: घरातल्या गाडीचं आरसी बुक किंवा कार्ड बघा. त्यावर सीसीचा आकडा असतो. तो कुठल्या रेषेच्या अगदी आत आहे का, ते शोधा. आणि हो, आई-बाबांना पीयूसीची तारीखही विचारा. माझ्यासारखी त्यांचीही पंचाईत झाली, तर माझं नाव सांगू नका!