तवा एक, गिऱ्हाइकं हजार!

तारीख १६ जुलै २०२१, वेळ दुपारी एकची. दहावीचा निकाल! कोविडमुळे परीक्षा झालेलीच नाही, मार्क दिलेत ते शाळांच्या अंतर्गत मूल्यमापनावरून. पण धाकधूक तेवढीच. राज्यभरातली पंधरा लाखांहून जास्त मुलं, त्यांचे आई-बाबा, मावश्या आणि क्लासवाले सर एकाच वेळी सीट नंबर टाकून एन्टर मारतात आणि... वेबसाइट आडवी! दोन वाजले, तीन वाजले, तरी स्क्रीनवर नुसतं चक्र गरगरतंय. घरात पेढे आणून ठेवलेत, पण वाटायचे कशाच्या जोरावर?

'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य आपण बँकेत, तिकीट खिडकीवर, सरकारी ऑफिसात इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं काही वाटतही नाही. पण हा सर्व्हर म्हणजे नक्की कोण? आणि त्याचे ते सारखे येणारे अपडेट्स, त्यांच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, बॉस! तुमच्या ऑफिसची साइट, मैत्रिणीचं केकचं ऑनलाइन दुकान, सोसायटीचं मेंटेनन्स भरायचं पान, सगळं त्याच्याच खांद्यावर उभं आहे.

खाऊगल्लीचा फंडा

वेब सर्व्हर म्हणजे तुमच्या ब्राउझरची ऑर्डर घेऊन वेबसाइटचं पान आणून देणारं सॉफ्टवेअर. घाटकोपर ईस्टची खाऊगल्ली डोळ्यांसमोर आणा. समजा, एखाद्या डोसेवाल्याने ठरवलं की प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक वेगळा पोऱ्या ठेवायचा. तुमचा डोसा संपेपर्यंत तो तुमच्याच शेजारी उभा राहणार. दहा गिऱ्हाइकं असतील तर मस्त सर्व्हिस. हजार आली की पोरांनीच गल्ली भरून जाईल!

१९९५ साली आलेला 'अपाची' हा सर्व्हर बराच काळ असाच चालायचा. जगभरातल्या हौशी प्रोग्रॅमर्सनी मिळून बनवलेला आणि चक्क फुकट. वर्षभरात तो जगातला सर्वात लोकप्रिय सर्व्हर झाला. पण नेटवरची गर्दी वाढली आणि १९९९ मध्ये डॅन केगल या इंजिनीअरने प्रश्न टाकला: एका मशीनने एका वेळी दहा हजार कनेक्शन्स का सांभाळू नयेत?

त्याला एक झकास उत्तर मिळालं रशियातून. इगोर सिसोएव्ह या प्रोग्रॅमरने २००४ मध्ये 'इंजिन-एक्स' खुला केला. याचा फंडा खऱ्याखुऱ्या डोसेवाल्यासारखा. माणूस एक, तवा मोठा, नजर सगळ्या डोशांवर. जो डोसा पलटायला आला, तेवढ्यालाच हात. कुणाच्या शेजारी फुकट उभं राहणं नाही. मग अपाचीनेही धडा घेतला. २०१२ च्या २.४ आवृत्तीत त्याची 'इव्हेंट' ही नवी पद्धत पक्की झाली.

निकालाच्या दिवशी सगळा दोष वेब सर्व्हरचाच असतो असं नाही. त्याच्या मागे डेटाबेस असतो, नेटवर्क असतं. पण निकाल एकदा लागला की बदलत नाही. तो आधीच तयार पानासारखा ठेवला, तर प्रत्येक वेळी डेटाबेसचं दार ठोठावावं लागत नाही. याला म्हणतात कॅशिंग. चटणी आधीच वाटून ठेवायची, ऑर्डर आल्यावर नाही!

मग नवीन काय?

पहिली गोष्ट, एचटीटीपी-३. २०२२ मध्ये हे प्रोटोकॉल अधिकृत झालं. तुम्ही ऑफिसच्या वाय-फायवर पान उघडलं आणि लिफ्टमध्ये शिरताना फोन मोबाइल नेटवर्कवर गेला, की जुन्या पद्धतीत कनेक्शन तुटतं आणि पहिल्यापासून सुरुवात. नव्यात तेच कनेक्शन पुढे चालू ठेवायची सोय आहे. घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोचे जिने चढणाऱ्यांसाठी हे किती कामाचं, ते वेगळं सांगायला नको. इंजिन-एक्सने मे २०२३ मध्ये १.२५ आवृत्तीत ते प्रायोगिक स्वरूपात आणलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: कुलूप. ॲड्रेस बारमध्ये 'एचटीटीपीएस' दिसतं, त्यामागे एक सर्टिफिकेट असतं आणि त्याला एक्सपायरी डेट असते, दुधाच्या पिशवीसारखी. २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांची होती. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी मतदान करून ठरवलं की १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून फक्त ४७ दिवस! म्हणजे वर्षातून एकदा कॅलेंडरवर गोल करून ठेवायचे दिवस संपले. तारीख चुकली की गिऱ्हाइकाला दिसणार 'ही साइट सुरक्षित नाही' अशी पाटी. आणि ती पाटी बघून कोण केक ऑर्डर करणार?

म्हणून सध्याचं सर्वात कामाचं फीचर म्हणजे सर्व्हरने स्वतःच सर्टिफिकेट आणणं आणि बदलणं. २०१५ मध्ये आलेल्या 'कॅडी' या सर्व्हरने हे त्याच वर्षी दिलं. अपाचीत २०१८ पासून त्याचं मॉड्यूल आहे. इंजिन-एक्सने मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रायोगिक म्हणून जाहीर केलं.

अपडेट करू की नको?

आता खरा पेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाचीच्या २.४.४९ मध्ये एक भलं मोठं भोक सापडलं. सर्व्हरची मांडणी ढिली असेल, तर बाहेरचा माणूस हद्दीबाहेरच्या फाइल्स वाचू शकत होता. ४ तारखेला २.४.५० आली. दुरुस्ती अपुरी! ७ तारखेला २.४.५१. तीन दिवसांत दोन अपडेट्स. सिस्टीम ॲडमिन लोकांच्या झोपेचं काय झालं असेल, विचार करा.

तुम्ही म्हणाल, मग जुनंच बरं होतं की! २.४.४८ वर थांबलेल्यांना हा फटका बसला नाही, हे खरं. पण ४८ मध्ये दुसरं गंभीर भोक होतं आणि ते ४९ मध्येच बुजवलं होतं. थोडक्यात, 'थांबूया' हाही निर्णयच असतो आणि त्याचंही बिल येतं.

२०२३ चा किस्सा तर अजून भारी. हल्लेखोर ऑर्डर द्यायचे आणि लगेच कॅन्सल करायचे, पुन्हा ऑर्डर, पुन्हा कॅन्सल. डोसा तव्यावर पडायच्या आत गिऱ्हाईक गायब, पण पीठ मात्र वाया! एचटीटीपी-२ मधल्या या पळवाटेने गुगलवर सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्यांचा मारा झाला. गुगलने तो परतवला. छोट्या साइटकडे अशी फौज नसते, तिला अपडेटचाच काय तो आधार.

सोमवारी ऑफिसात एवढं विचारा

• आपला सर्व्हर कोणता आणि कितवी आवृत्ती? अपाची २.२ असेल तर घाम पुसा, तिचा सपोर्ट २०१८ मध्येच संपलाय. इंजिन-एक्समध्ये आवृत्तीचा मधला आकडा सम असेल तर ती 'स्टेबल' शाखा, विषम असेल तर नवी फीचर्स आधी घेणारी 'मेनलाइन'.

• सर्टिफिकेट आपोआप बदलतं का? फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट'ने आठवणीचे ईमेल जून २०२५ पासून बंद केलेत. मेल येईल म्हणून वाट बघत बसू नका.

• अपडेट आधी टेस्ट मशीनवर होतो की थेट गिऱ्हाइकांवर? आणि तोही शुक्रवारी संध्याकाळी?

• जुनी आवृत्ती परत आणायची वेळ आली तर ते कुणाला येतं? तो माणूस रजेवर असेल तर?

शेवटच्या प्रश्नावर मीटिंगमध्ये शांतता पसरली, तर समजा की नव्या फीचर्सच्या आधी या प्रश्नाचं उत्तर लिहून काढायला हवं. एका कागदावर, सगळ्यांना दिसेल असं.